टाकाऊ विषाचा राखणदार कोण?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत अखेर तेथून हलला आणि त्याच वर्षी जूनअखेर पीथमपूरच्या भट्टीत जाळून संपविण्यात आला. त्याबरोबर हे प्रकरण मिटले असे मानण्याची घाई अनेकांना झाली. वास्तविक ते मिटलेले नाही. जळून उरलेली राख व अन्य अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले आणि त्यांचे काय करावयाचे, हा वाद पुन्हा न्यायालयापुढे गेला. आवारातील दूषित माती तर जागची हललेलीच नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या २०१० च्या अहवालात तिचा अंदाज ११ लाख टनांचा होता. त्या मानाने जे जळाले ते नगण्यच म्हणावयाचे.

खानदेशच्या वाचकाला ही दूरची वार्ता वाटण्याचे कारण नाही. भुसावळहून खंडवा-इटारसीमार्गे जाणारा लोहमार्ग आपल्याला थेट भोपाळला पोहोचवितो. आणि धुळे-शिरपूर-सेंधव्याहून इंदूरकडे जाणारा महामार्ग पीथमपूरच्या जवळून जातो. विषाच्या या प्रवासाची दोन्ही टोके आपल्या शेजारात आहेत. परंतु केवळ शेजारधर्म म्हणून हा विषय येथे काढलेला नाही. भोपाळच्या कचऱ्याने जो धडा दिला आहे, तो फैजपूरच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन भिडणारा आहे, आणि तो अद्याप आपण शिकलेलो नाही.

हा धडा समजण्यासाठी दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवावी लागतील. पहिले चित्र २०२५ च्या आरंभीचे. कचरा भरण्यासाठी आणलेल्या कामगारांच्या अंगावर नखशिखांत संरक्षक पोशाख होता. एका माणसाने एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक काम करावयाचे नाही, असा दंडक होता. कचरा न गळणाऱ्या पोत्यांत भरून १२ बंदिस्त वाहनांतून नेण्यात आला. सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता पोलिसांनी मोकळा करून दिला. दुसरे चित्र त्याच जागेचे, परंतु त्याआधीच्या अनेक वर्षांचे. २-३ डिसेंबर १९८४ च्या त्या काळरात्रीनंतर कारखाना बंद पडला. कुंपणाच्या भिंती खचल्या. वस्त्यांतील मुले त्या आवारात शिरून खेळू लागली, गुरे-शेळ्या तेथे चरू लागल्या. पहारेकरी दारावर असे आणि वाट भिंतीच्या भगदाडातून पडलेली असे. ज्या विषाला हात लावताना तीस मिनिटांचा हिशेब ठेवावा लागला, त्याच विषाच्या सान्निध्यात पोरे दिवसचे दिवस खेळत होती. जे विष हलविताना एवढे जपले गेले, ते पडून असताना मात्र कोणाचेच नव्हते.

किमतीला कुलूप, विषाला नाही

असे का व्हावे? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापूर्वी आपल्या स्वभावात शोधलेले बरे. राखण करावयाची ती मौल्यवान वस्तूची, हा आपला पिढीजात संस्कार आहे. जुन्या गावगाड्यात गावाची राखण करावयास जागल्या असे. आजही घडावर आलेल्या केळीच्या बागेला राखणदार असतो. कापसाच्या गंजीला असतो. बंद पडलेल्या कारखान्यातील यंत्रे विकली जाईपर्यंत तेथेही असतो. यंत्रे गेली की त्याचा पगार थांबतो. मागे राहतात ती फुटकी पिंपे, अर्धवट भरलेली पोती आणि तळाशी साका धरलेली टाकी. त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून त्यांना पहारा नाही. चोरण्याजोगे काही नाही म्हणून दार उघडे. आणि दार उघडे म्हणून गरीब माणूस आत जातो, कारण पिंपाच्या पत्र्याला भंगाराच्या दुकानात चार पैसे मिळतात. ज्या वस्तूला किंमत नाही तिच्यापासून माणसाला जपावयाचे असते, हे आपल्या हिशेबात अजून उतरलेले नाही.

ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट नव्हे. ब्राझीलमधील गोयानिया या शहरात १९८७ साली एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी किरणोपचाराचे जुने यंत्र भंगार म्हणून उचलून नेले. आतील चमकणाऱ्या भुकटीचे लोकांना कौतुक वाटले. ती घरोघर वाटली गेली. चार जीव गेले आणि शेकडो माणसे किरणोत्साराने दूषित झाली. आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असाच प्रकार घडला. विद्यापीठातील वापरात नसलेले एक किरणोत्सारी उपकरण लिलावात विकले गेले, ते भंगारवाल्याने फोडले आणि एका कामगाराला प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी विष कोणी मुद्दाम पसरविले नव्हते. दोन्ही ठिकाणी त्याला धनी उरला नव्हता, इतकेच.

तीन रेषांची शिस्त

अशा जागांची राखण कशी करावी, हे जगाला ठाऊक नाही असे नाही. अमेरिकेत १९७८ साली लव्ह कॅनाल येथे जुन्या रासायनिक कचऱ्यावर वसलेली वसाहत उठवावी लागली, तेव्हा त्या देशाला जाग आली. १९८० साली बेवारस विषारी जागांच्या सफाईचा कायदा झाला आणि १९८९ साली तेथे काम करणाऱ्यांच्या रक्षणाचे सविस्तर नियम झाले. त्या नियमांचे सूत्र साधे आहे. जागेवर तीन पट्टे आखावयाचे. सर्वांत आतला पट्टा विषाचा. तेथे नाव नोंदविलेल्या, शिकविलेल्या आणि पोशाख केलेल्या माणसाखेरीज कोणी पाऊल टाकावयाचे नाही. मधला पट्टा धुण्याचा. आतून आलेल्या माणसाने बूट, हातमोजे, कपडे तेथे धुवावयाचे, उतरवावयाचे. बाहेरचा पट्टा स्वच्छ. तेथे पाणी, वैद्य आणि नोंदवही. आत जाणाऱ्या सामान्य कामगाराला आधी ४० तासांचे शिक्षण आणि नंतर तीन दिवस जाणत्याच्या नजरेखाली काम, हा किमान दंडक. आणि आत एकट्याने जावयाचे नाही, जोडीदार हवाच.

या शिस्तीतील प्रत्येक गोष्टीमागे कोणाच्या तरी मरणाचा अनुभव आहे. मधला पट्टा घ्या. कामगार विष फक्त फुप्फुसात नेत नाही, तो ते सदऱ्यावर घेऊन घरी जातो. तो सदरा बायको धुते, लेकरू त्याच्या कुशीत शिरते. कामाची जागा आणि घर यांच्यामध्ये साबणपाण्याची एक रेषा नसेल, तर कुंपणाला अर्थ उरत नाही. जोडीदाराचा नियमही असाच. खोल टाकीत किंवा खड्ड्यात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रथम सडक्या अंड्यासारखा घाणतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. मैल्याच्या टाक्यांतील दुर्घटनांत आपल्याकडे एकामागोमाग तीन-चार माणसे जातात, ती याच रीतीने. तोंडावर बांधलेला रुमाल वायूला अडवीत नाही. गाळणीचा मुखवटाही जेथे प्राणवायूच कमी आहे तेथे निरुपयोगी असतो. म्हणून वर दोर धरून उभा असलेला, खाली न उतरण्याची शिकवण मिळालेला जोडीदार हेच तेथे खरे संरक्षण होय.

अर्थात परदेशी नियम जसेच्या तसे उचलून भागणार नाही. वैशाखात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात रबरी पोशाखात बंद केलेला माणूस विषाने नव्हे, तर उष्म्यानेच पडेल. मग तो मुखवटा काढून टाकतो आणि मुकादम म्हणतो, "आम्ही साधने दिली होती, हेच वापरीत नाहीत." दोष कामगारावर ढकलण्याची ही सर्वांत सोपी युक्ती आहे. पोशाख दिला की कर्तव्य संपले असे नाही. त्याबरोबर सावली, पाणी, पहाटेची वेळ आणि आखूड पाळ्या द्याव्या लागतात. भोपाळच्या त्या अर्ध्या तासाच्या पाळीचे मर्म हेच होते, आणि तेही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत!

कागद पोहोचतो, माणूस विसरला जातो

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कामगाराला धोक्याची माहिती देणे, काम देण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सोडल्यावरही त्याची वैद्यकीय तपासणी करणे, त्याची आरोग्यनोंद ठेवणे, ही मालकाची जबाबदारी त्यात आली. घातक कचऱ्याचे नियम १९८९ साली झाले, २००८ साली बदलले, २०१६ साली नव्याने आले. कारखानदाराने असा कचरा सामान्यतः ९० दिवसांहून अधिक काळ साठवू नये. तो हलविताना सोबत सात रंगांच्या सात प्रतींचे चलन असावे. पुनर्वापराच्या कामातील कामगारांची नोंदणी, शिक्षण आणि आरोग्याची देखरेख राज्याच्या कामगार खात्याने करावी, असे या नियमांत आहे. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे या कचऱ्याची सामायिक विल्हेवाट-केंद्रेही उभी राहिली.

ही चारही केंद्रे खानदेशाबाहेर आहेत. म्हणजे इकडच्या कारखान्यातून निघालेल्या कचऱ्याला तेथे जावयाचे तर शेकडो किलोमीटरचा रस्ता आणि वाहतुकीचा खर्च आला. जेथे नियम पाळणे महाग आणि न पाळणे फुकट असते, तेथे रात्रीच्या वेळी नाला जवळचा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याहूनही मोठी उणीव ही की, आपली व्यवस्था कचऱ्याच्या कागदाचा माग ठेवते, माणसाचा ठेवीत नाही. चलनाच्या सात प्रती सात ठिकाणी पोहोचतात. पण पिंप उचलणारा माणूस कोण होता, तो ठेकेदाराचा की ठेकेदाराच्या ठेकेदाराचा, त्याला काय शिकविले होते, पुढच्या वर्षी तो कोठे गेला, याची प्रत कोणाकडेच नसते. विषाचा परिणाम पाच-दहा वर्षांनी दिसावयाचा आणि मजुराचे नाव सहा महिन्यांनी पटावरून जावयाचे, अशा हिशेबात आरोग्यनोंदीचा नियम कागदावरच राहणार.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे खानदेश विसरलेला नसेल. ती दुर्घटना कचऱ्याची नव्हती, चालत्या कारखान्याची होती. तथापि, भोपाळ आपल्याकडे नाही म्हणून आपण निर्धास्त राहावे, या समजुतीला तिने कायमचा तडा दिला. विषाचे उद्योग मुंबई-ठाण्यापुरते राहिलेले नाहीत. ते आपल्या तालुक्यांत आले आहेत, आणि त्यांच्यामागून त्यांचा कचराही येणारच.

ज्याला आपण औषध म्हणतो

परंतु उद्योगाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हे विसरून चालणार नाही. यावल-रावेरच्या या पट्ट्यात विषाची सर्वांत मोठी उलाढाल कारखान्यात नव्हे, शेतात होते. केळीवर करपा आला की फवारणी, कपाशीवर बोंडअळी आली की फवारणी. ज्याची फवारणी करावयाची त्याला आपण 'औषध' म्हणतो. या एका शब्दाने केवढा घात केला आहे! डब्यावर मात्र सरकारने खूण घातलेली असते: लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. त्याखालचा बारीक मजकूर किती जणांना वाचता येतो? फवारणी करणारा बहुधा सालदार असतो, किंवा सातपुड्यातून उतरलेला पावरा, बारेला, भिल्ल अथवा तडवी मजूर असतो. पंप पाठीवर, पाय उघडे, अंगावर घामाने भिजलेला सदरा. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नाकातोंडानेच शरीरात जातात असे नव्हे. ती कातडीतून शिरतात, आणि ओल्या कपड्यातून तर अधिकच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात अशाच फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी महाराष्ट्र हादरला. पुढच्या खरिपात पुन्हा पंप भरले गेले.

फवारणी संपल्यावर उरतो तो डबा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, रिकामी वेष्टणे पुन्हा वापरता येणार नाहीत अशी मोडून वस्तीपासून दूर पुरावीत. ती उघड्यावर टाकू नयेत. या नियमांमागे १९५८ साली केरळात घडलेली दुर्घटना आहे. धान्यपिठात कीटकनाशक मिसळून शंभराहून अधिक माणसे तेव्हा दगावली आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. आता कोणत्याही शिवारात फेरफटका मारून पाहावा. डबे विहिरीच्या काठी असतात, बांधावर असतात, पाटाच्या पाण्यात असतात. काही धुऊन घरात जातात आणि त्यांत रॉकेलपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत काहीही भरले जाते. मुदत संपलेला साठा गोठ्याच्या कोनाड्यात राहतो. तेथेच लेकरे खेळतात, आणि कर्जाने पिचलेल्या माणसाचा हात रागाच्या, निराशेच्या एका क्षणी तेथेच जातो. एकेक डबा लहान आहे, पण अशा हजारो उघड्या डब्यांचे शिवार हे एक मोठे घातक स्थळच होय. त्याला कुंपण नाही, फलक नाही, राखणदार नाही. भोपाळच्या भिंतीला भगदाड होते, आपल्याकडे भिंतच नाही.

आखाजीच्या करारात एक कलम

मग करावयाचे काय? मोठ्या जागांसाठी उपाय मोठ्या सत्तेने केले पाहिजेत. बंद पडणाऱ्या रासायनिक कारखान्याचा शेवटचा कामगार दाराबाहेर पडण्यापूर्वी आत काय उरले आहे याची यादी ग्रामपंचायतीच्या हाती यावी आणि पुढील राखणीचा पैसा मालकाने आधीच ठेव म्हणून भरलेला असावा. कारखाना विकला तरी ती ठेव विकता येऊ नये. जागेवरील फलक मराठीत असावाच. पण ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चित्रही असावे. आणि दारावरील वहीत आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, जाण्याची व येण्याची वेळ असावी. संध्याकाळी वहीतील नावे आणि बाहेर आलेली माणसे जुळली पाहिजेत. एवढी साधी बेरीजही आपल्याकडे अनेक ठिकाणी होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. दारे बंद केलीत तर भंगार वेचून पोट भरणाऱ्याने जावे कोठे? त्याचे उत्तर दार उघडे ठेवणे हे नव्हे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्र मिळवून दिले आणि त्यांना कामगार म्हणून मान्यता मिळविली. वेचकाला हाकलणे सोपे असते. त्याला नोंदवून, शिकवून, सुरक्षित कचऱ्यावरचा त्याचा हक्क मान्य करून विषापासून दूर ठेवणे हेच खरे प्रवेश-नियंत्रण. ज्याच्या पोटाची सोय केलेली नाही, तो कुंपणातून वाट काढणारच.

शेतातील विषासाठी मात्र मुंबईच्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ब्राझीलने २००० साली कायदा करून रिकामे डबे धुऊन परत करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर आणि ते गोळा करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर व उत्पादकावर टाकली. आज तेथील बहुतांश डबे परत येतात. आपल्याकडे विकत घेताना पिकाचा रोग सांगून सल्ला विचारला जातो, मग रिकामा डबा त्याच दुकानात परत का जाऊ नये? फळविक्री संस्था, सहकारी सोसायट्या, ग्रामपंचायती यांनी मनावर घेतले तर प्रत्येक गावी एक कुलूपबंद खोली, एक वही आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर आरंभ करता येईल.

आणि सालदाराचे काय? आखाजीला खानदेशात सालाचे करार होतात. रोख किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती, हे सारे ठरते. शब्द दिला की तो पाळलाही जातो. त्या करारात आणखी एक कलम घालण्यास कोणाची मनाई आहे? फवारणीचे हातमोजे, बूट, मुखवटा आणि साबण मालकाचे; फवारणी वाऱ्याच्या उलट दिशेने नाही आणि भर उन्हात नाही; त्या दिवशी आंघोळ आणि स्वच्छ कपडा मळ्यातच, घरी जाण्यापूर्वी; आणि चक्कर, मळमळ, घाम सुटला की काम थांबविण्याचा अधिकार सालदाराचा, मजुरी न कापता. याला शेतकऱ्याचा पैसा लागेल, हे खरे. पण केळीच्या एका घडाची राखण करावयास जो पैसा खर्च करतो, त्याला घड वाढविणाऱ्या माणसाची राखण परवडत नाही, असे कोण म्हणेल?

१९३६ च्या डिसेंबरात याच फैजपूरला, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याचा अभिमान आपण सांगतो, आणि तो योग्यच आहे. त्या अधिवेशनाने जो शेतीविषयक कार्यक्रम देशापुढे ठेवला, त्यात खंड आणि कर्ज यांबरोबर आणखी एक मागणी होती. शेतमजुराला जगण्यापुरते वेतन आणि कामाची योग्य परिस्थिती मिळावी, अशी तरतूद कायद्याने करावी, असे त्यात म्हटले होते. वेतनाची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. कामाच्या परिस्थितीचा प्रश्न मात्र, जेथे तो विचारला गेला त्याच मातीत, पाठीवर विषाचा पंप घेऊन अनवाणी उभा आहे. येत्या आखाजीला फैजपूर परिसरातील शंभर शेतकऱ्यांनी जरी करारात ते एक कलम घातले, तरी त्या ठरावाचे एक जुने देणे फिटू लागेल.